धाकटे गोमटेश्वर



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या व्याख्यानमालेसाठी इथे जमतो, ते वर्गात एक गोष्ट नेहमी सांगत. मूर्ती पाहायला गेलात तर तीन प्रश्न विचारा. ही कोणाची? ही घडवली कशी? आणि ही इथे आली कशी? पहिला प्रश्न सगळेच विचारतात. दुसरा थोडे लोक विचारतात. तिसरा सहसा कोणी विचारत नाही. आजचा विषय मी त्या तिसऱ्या प्रश्नासाठी निवडला आहे.

श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर आपल्याला परका नाही. या भागातल्या कितीतरी घरांतले कोणी ना कोणी तिथे जाऊन आले आहे. विंध्यगिरीच्या माथ्यावर, उघड्या आभाळाखाली, सुमारे ५७ फूट उंचीची बाहुबलीची मूर्ती उभी आहे. गंग राजांचा मंत्री आणि सेनापती चावुंडराय याने ती इ.स. ९८१च्या सुमारास करवली. तिच्या पायाशी कन्नड आणि तमिळ लेखांच्या जोडीने ‘श्री चावुण्डराजे करवियले’ हा लेख आहे. शाळेच्या पुस्तकापासून आपण तो ऐकत आलो आहोत, आणि मराठीतल्या आरंभीच्या लेखांपैकी एक म्हणून त्याचा अभिमानही बाळगतो. त्यावर पुष्कळ बोलून, लिहून झाले आहे. आज मी त्या लेखावर बोलणार नाही. फार काय, त्या मूर्तीवरही थोडेच बोलणार आहे.

मी बोलणार आहे तिच्या धाकट्या मूर्तींवर. कर्नाटकात, दक्षिणेकडच्या तुळुनाडूत, कारकळची मूर्ती आहे ४२ फुटांची, १४३२ सालची. तिथून जवळच वेणूरची आहे ३५ फुटांची, १६०४ सालची. त्याच टापूत धर्मस्थळाची आहे ३९ फुटांची, आपल्या डोळ्यांदेखत, १९७०च्या दशकात उभी राहिलेली. आणि कोल्हापूर जिल्ह्यात, हातकणंगले तालुक्यात, कुंभोजच्या बाहुबली डोंगरावरची आहे २८ फुटांची, १९६३ सालची.

या मूर्तींकडे आपण कसे पाहतो? यात्रेच्या गाडीत बसलेली माणसे आठवा. श्रवणबेळगोळला सगळे उत्साहाने उतरतात. कारकळला निम्मे उतरतात. वेणूरला गाडीतूनच हात जोडले जातात, कारण ‘तेच तर आहे, फक्त लहान’. हे मला पटत नाही. तेच नाही. लहान आहे हे खरे, पण लहान का आहे, किती लहान आहे आणि लहान असल्यामुळे काय शक्य झाले, हे पाहू लागलो की एक निराळाच इतिहास उघडतो.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. श्रवणबेळगोळची मूर्ती जन्मल्यापासून जागची हलली नाही. डोंगराच्या माथ्यावरचा खडकच वरून खाली फोडत, तासत तिला मोकळे केले. तिचे पाय आजही त्या डोंगराचाच भाग आहेत. धाकट्या मूर्तींचे तसे नाही. त्या एकीकडे घडल्या आणि दुसरीकडे उभ्या राहिल्या. थोरली मूर्ती पाहायला माणसे चालत गेली. धाकट्या मूर्ती माणसांकडे चालत आल्या. म्हणून त्यांचा इतिहास जितका छिन्नीचा आहे, तितकाच दोरखंडाचा, चाकाचा आणि रस्त्याचाही आहे.

पण तिथे जाण्याआधी थोडे मागे जाऊ. कथा तुम्हाला माहीत आहे. ऋषभदेवांचे पुत्र भरत आणि बाहुबली. थोरल्याला चक्रवर्ती व्हायचे होते, धाकटा मान तुकवायला तयार नव्हता. सैन्ये लढवून माणसे का मारायची, म्हणून दोघांनीच लढायचे ठरले. दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध. तिन्हींत धाकटा जिंकला, आणि जिंकल्या क्षणी त्याचे मन राज्यावरून उडाले. तो उभा राहिला तो वर्षभर उभाच राहिला. पायांशी वारुळे झाली, अंगावर वेली चढल्या. नवव्या शतकात जिनसेनाने आदिपुराणात ही कथा विस्ताराने सांगितली.

आता पुढचा भाग ऐका, कारण आजच्या विषयाचे मूळ तिथे आहे. परंपरा सांगते की बाहुबलीची पहिली मूर्ती भरताने पौदनपुरात उभी केली. हरलेल्या थोरल्या भावाने जिंकलेल्या धाकट्याची! आणि तिची उंची किती? ५२५ धनुष्ये. एक धनुष्य म्हणजे चार हात, म्हणजे ही मूर्ती २,१०० हातांची झाली. काळाच्या ओघात तिच्याभोवती रान माजले, कुक्कुटसर्पांचा सुळसुळाट झाला, आणि तिचे दर्शन कोणालाच होईना. चावुंडरायाने तिची कीर्ती ऐकली आणि तिथे जायचे ठरवले. जाणत्यांनी सांगितले की ती जागा दूर आहे, तिथे पोहोचता येणार नाही. तेव्हा तो म्हणाला, मग तशी मूर्ती मी इथेच करवतो. सुमारे ११८० सालचा बोप्पण पंडिताचा शिलालेख श्रवणबेळगोळलाच आहे, त्यात ही हकीकत येते. पुढच्या काळात तिच्यात चावुंडरायाची आई काळलादेवी आली, तिचे व्रत आले, स्वप्न आले आणि चंद्रगिरीच्या टेकडीवरून समोरच्या विंध्यगिरीवर सोडलेला बाणही आला.

श्रोतेहो, याचा अर्थ लक्षात आला? ज्या मूर्तीला आपण मूळ म्हणतो, ती स्वतःच धाकटी मूर्ती आहे! पौदनपूरच्या २,१०० हातांपुढे विंध्यगिरीचे ५७ फूट म्हणजे जेमतेम अडतीस हात. जिथे जाता येत नाही तिथले दर्शन आपल्या जवळ घडावे, म्हणून केलेली ती प्रतिकृती आहे. पौदनपूर कुठले, यावर मतभेद आहेत. काही संशोधक नांदेडच्या पलीकडे, आज तेलंगणात असलेल्या बोधनकडे बोट दाखवतात. ते खरे असो वा नसो. थोरल्या मूर्तीच्या जन्मकथेतच प्रतिकृतीची इच्छा आहे, एवढे आपल्याला पुरे. मग कारकळ, वेणूर, कुंभोज ही त्या मूर्तीची नक्कल झाली, की तिच्या करवित्याने जे केले तेच पुन्हा केले गेले? मी दुसऱ्या बाजूचा आहे.

इतिहासाच्या अंगानेही पाहा. मूर्ती मोठ्याच्या लहान होत गेल्या, असा सरळ क्रम इथे लावता येत नाही. बदामीच्या जैन लेण्यात बाहुबली आहे. आपल्या वेरूळच्या जैन लेण्यांत तर तो अनेकदा येतो. ती लेणी चावुंडरायाच्या आधीची आहेत. आणि मुंबईला गेलात तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात एक कांस्यमूर्ती जरूर पाहा. उंची फार तर हातभर. ती आली श्रवणबेळगोळ परिसरातूनच, आणि विंध्यगिरीवरच्या मूर्तीहून ती जुनी आहे. तिच्यासमोर थोडा वेळ थांबा. केस मागे विंचरल्यासारखे, त्यांच्या बटा खांद्यांवर उतरलेल्या. विंध्यगिरीवर मात्र डोक्यावर आखूड कुरळे केस आहेत. पायांवरून वर चढून दंडाला विळखा घालणारी वेल इतकी बारीक आहे की पान न् पान वेगळे दिसते. हात शरीरापासून सुटे आहेत, आणि त्या फटींतून पलीकडचे दिसते. म्हणजे ५७ फुटांचा बाहुबली डोंगरात दिसण्याच्या आधी हातभर उंचीचा बाहुबली मेणात आणि धातूत दिसला होता.

इथे कोणी विचारेल, लहानाचे मोठे आणि मोठ्याचे लहान हे लोक करत कसे? आज आपण छायाचित्र काढू, संगणकावर प्रमाण लावू. पंधराव्या शतकात कारकळच्या शिल्पींनी काय केले असेल? श्रवणबेळगोळच्या मूर्तीला मचाण लावून इंच इंच मोजली असेल?

तशी गरज नव्हती. आपल्या शिल्पशास्त्रात माप फुटांत नसते, तालात असते. हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंतचा चेहरा म्हणजे एक ताल, आणि तालाचे बारा भाग म्हणजे बारा अंगुले. शरीर किती तालांचे, छाती किती, मांडी किती, गुडघा किती, हे ठरलेले. नवताल, दशताल असे प्रकार त्यातूनच आले. चेहऱ्याची लांबी एकदा ठरली की नखापर्यंतची सगळी मापे ठरली. हातभर मूर्ती असो की पन्नास फुटांची, नियम तोच. शिल्पी मूर्तीची नक्कल करत नव्हता, तो त्याच नियमातून दुसरी मूर्ती काढत होता. पाश्चात्त्य पद्धतीत प्लास्टरचा नमुना करतात, त्यावर खुणा करतात आणि यंत्राने त्या वाढवतात किंवा घटवतात. तिथे नमुना आणि प्रत असे नाते असते. इथे दोन्ही मूर्तींचा नमुना शिल्पीच्या पाठांतरात होता.

तरीही एक अडचण उरते, आणि ती गणिताची आहे. श्रवणबेळगोळला कोणी मापे घेतली तेव्हा पाऊल ९ फूट भरले, पायाचा अंगठा २ फूट ९ इंच, हाताचे मधले बोट ५ फूट ३ इंच, खांद्यांची रुंदी २६ फूट. असा दगड हलवायचा विचारच करता येत नाही. पण उंची तीन चतुर्थांश केली तर दगड तीन चतुर्थांश लागत नाही. लांबी, रुंदी आणि जाडी, तिन्ही घटतात. दगड लागतो दोन पंचमांशांच्या आसपास. उंची निम्मी केली तर दगड आठवा हिस्सा. धाकट्या मूर्तीची उंची भक्ती कमी पडली म्हणून उतरली नाही. माथ्यावर आयता खडक नसेल, मूर्ती दुसरीकडे घडवून वर चढवायची असेल, तर किती वजन ओढता येईल हा प्रश्न येतोच. उंची ठरवताना शिल्पीच्या शेजारी गाडीवानालाही बसावे लागते.

कारकळला नेमके हेच झाले.

कारकळ घाटाच्या खाली आहे. सगळीकडे जांभा, मधून मधून ग्रॅनाइटचे उघडे बोडके खडक, आणि पाऊस म्हणाल तर आपल्या कोकणासारखा. तिथे भैररसांचे राज्य होते. ते विजयनगरच्या छायेतले लहानसे संस्थान, मिरीच्या आणि तांदळाच्या व्यापारावर उभे राहिलेले. त्यांचा राजा वीर पांड्य. त्याचे गुरू ललितकीर्ती. गुरूंच्या उपदेशाने राजाने मूर्ती करवली आणि १३ फेब्रुवारी १४३२ रोजी प्रतिष्ठापना झाली. ही तारीख मूर्तीजवळच्या लेखावरून निश्चित करता येते. चार वर्षांनी, १४३६ साली, त्याच राजाने समोर ब्रह्मदेवाचा खांब उभा केला.

श्रवणबेळगोळच्या प्रतिष्ठापनेला तेव्हा साडेचारशे वर्षे झाली होती. एवढ्या काळात बाहुबलीची इतकी मोठी दुसरी मूर्ती करण्याचे धाडस कोणी केले नव्हते. चावुंडरायाच्या मागे गंगांचे राज्य होते, वीर पांड्याकडे काही कोसांचा मुलूख. तरी त्याने केले. आणि करताना पद्धत बदलली. मूर्ती एका ठिकाणी घडली आणि मग टेकडीवर चढवली गेली.

कशी चढवली? १६४६ साली चंद्रम नावाच्या कवीने कारकळच्या गोमटेश्वराचे चरित्र कन्नडमध्ये लिहिले, आणि मूर्ती नेण्याची आठवण परंपरेने जपली. वीस चाकांची गाडी. तिला बांधलेले दोर. चाकांखाली फोडलेले हजारो नारळ. उतरता बांध घालून हजारो माणसांनी ती वर ओढली. यातले आकडे कवीचे आहेत, ते जसेच्या तसे घ्यायला नकोत. पण गाडी होती, उतार होता, माणसे होती, याबद्दल शंका घ्यायचे कारण नाही, कारण मूर्ती तिथे वर उभी आहे. ज्यांनी पंढरीच्या वाटेवर चढावर अडलेल्या रथाला खांदा दिला आहे, त्यांना त्या माणसांची कल्पना येईल. फक्त इथे रथात ४२ फुटांचा एकसंध दगड आडवा निजला होता.

आणि मग तो उभा केला! हा भाग मला ओढण्यापेक्षा अवघड वाटतो. आडवी मूर्ती उभी करताना तिचा सगळा भार काही क्षण घोट्यांवर येतो. मनुष्याकृतीत सर्वांत नाजूक जागा तीच. कारकळला पायांच्या मागे शिळेचा आधार ठेवला आहे आणि पायांशी सर्प आणि वेली आहेत. पाहणारा म्हणतो, तपाची खूण. तशी ती आहेच. पण त्या वेली, ते सर्प आणि मागची शिळा मिळून पाय जाड करतात आणि मूर्ती तोलून धरतात, हेही खरे. कथेत जे तपाचे चिन्ह आहे, तेच शिल्पात आधार झाले. शिल्पींना कथा कळली होती आणि वजनही कळले होते.

कारकळच्या टेकडीवरून समोर एक ग्रॅनाइटचे मंदिर दिसते, चतुर्मुख बसदी. चार दिशांना चार दारे, आत चारही बाजूंना मूर्ती. ती १५८६ सालची, इम्मडी भैररसाने बांधलेली. या राजाचे नाव लक्षात ठेवा, कारण पुढच्या मूर्तीच्या कथेत तो येतो, आणि चांगल्या भूमिकेत येत नाही.

वेणूर कारकळहून फार दूर नाही. फल्गुनी नदीच्या काठी. तिथे अजिल घराण्याचे राज्य होते, कारकळहूनही लहान. तिम्मराज अजिलाने, श्रवणबेळगोळच्या मठाचे चारुकीर्ती यांच्या प्रेरणेने, १६०४ साली ३५ फुटांची मूर्ती उभी केली. हे घराणे आपला संबंध चावुंडरायाच्या वंशाशी जोडत असे. म्हणजे पूर्वजाने जे केले ते आपणही करावे, असा तो धागा.

स्थानिक परंपरा अशी, की वेणूरला मूर्ती घडते आहे हे ऐकून कारकळच्या राजाला राग आला. आपल्या गोमट्याची कीर्ती उणावेल म्हणून त्याने ती मूर्ती आपल्याकडे पाठवा अशी मागणी केली. तिम्मराजाने नकार दिला. कारकळची फौज चालून आली, तेव्हा त्याने मूर्ती नदीच्या वाळूत पुरून ठेवली. संकट टळल्यावर ती काढून उभी केली.

कथा जशीच्या तशी खरी मानायची की नाही, हे तुम्ही ठरवा. मला त्यात दोन गोष्टी दिसतात. पहिली दुःखाची. ज्याने भावाशी लढून जिंकलेले राज्य सोडून दिले, त्याच्या मूर्तीवरून दोन शेजारी राजांनी भांडावे! त्यागाच्या मूर्तीलाही मालकी चिकटते, हे या कथेने लपवलेले नाही. दुसरी गोष्ट विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची. श्रवणबेळगोळची मूर्ती कोणी मागू शकला नसता, कोणी लपवूही शकला नसता. जी नेता येते तीच मागितली जाते, जी हलवता येते तीच वाळूत पुरता येते. लहान असण्याचे मोल आणि लहान असण्याचा धोका, दोन्ही वेणूरच्या कथेत आहेत.

वेणूरला गेलात तर मूर्तीपाशी घाईघाईने जाऊन परत फिरू नका. अजिल राण्यांनी बांधलेल्या दोन लहान बसदी तिथे आहेत. कारकळला टेकडी चढावी लागते, इथे मूर्ती जवळजवळ गावाच्या पातळीवर आहे. दर्शन घेणारा घामाघूम होऊन येत नाही, शेतातून सहज येतो. गोमटेश्वर पहिल्यांदा डोंगरावरून खाली उतरला तो इथे.

आता मध्ये लहान असण्याच्या मोलाचीच एक कथा सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. श्रवणबेळगोळला चावुंडरायाने पहिला अभिषेक केला तेव्हा घागरी घागरी दूध ओतले, पण ते मांड्यांच्या खाली उतरेना. तेवढ्यात एक म्हातारी आली. तिच्या हातात एका लहानशा फळाची करवंटी, तीत थोडेसे दूध. लोक हसले. तिने ते ओतले आणि मूर्ती नखशिखांत न्हाली, डोंगरावरून दुधाचे ओघळ वाहू लागले. त्या आजीला गुळ्ळकायज्जी म्हणतात. तिची मूर्ती आजही विंध्यगिरीवर गोमटेश्वराच्या समोर आहे. एवढ्या प्रचंड मूर्तीसमोर एका म्हातारीला जागा द्यावी, हे ज्यांना सुचले त्यांना मी मनोमन नमस्कार करतो.

तुळुनाडूत वेणूरनंतर साडेतीनशे वर्षे अशी मूर्ती झाली नाही. तिथली पुढची झाली ती स्वतंत्र भारतात, धर्मस्थळाला. हे क्षेत्र मोठे विलक्षण आहे. देव मंजुनाथ, म्हणजे शिव. पुजारी वैष्णव. आणि क्षेत्राचे धर्माधिकारी हेग्गडे घराणे जैन. रत्नवर्म हेग्गडे यांनी मूर्तीचा संकल्प केला. काम सुरू झाले १९६७ साली. त्यानंतर थोड्याच काळात ते गेले, आणि विशीतले वीरेंद्र हेग्गडे गादीवर आले. वडिलांचा संकल्प मुलाने तडीस नेला.

शिल्पी कोण? कारकळचे रेंजाळ गोपाळकृष्ण शेणै. आडनावावरूनच ओळखले असेल, गोव्याकडून दक्षिणेला गेलेल्या कोकणीभाषक सारस्वतांपैकी. वय सत्तरीच्या पुढे! त्या वयात त्यांनी हे काम अंगावर घेतले, आणि खडक निवडला तो कारकळलाच. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी ज्या मातीने एक गोमटेश्वर दिला, तिनेच दुसरा दिला. सहा वर्षे छिन्नी चालली. १९७३ साली मूर्ती तयार झाली, ३९ फुटांची, दीडशे टनांहून जड. आणि मग तोच जुना प्रश्न. ती नेणार कशी?

कारकळ ते धर्मस्थळ हा रस्ता घाटपायथ्याचा, वळणांचा, ओढ्यानाल्यांचा. वीर पांड्याला फक्त एक टेकडी चढवायची होती, इथे गावामागून गावे ओलांडायची होती. काम मुंबईच्या एका वाहतूक कंपनीने केले. खास गाडी होती ६४ चाकांची. चंद्रमाच्या काव्यातली गाडी वीस चाकांची, ही चौसष्टांची! यंत्रयुग आले म्हणून दगड हलका झाला नाही. चाके वाढली, कारण डांबरी रस्त्याला आणि पुलाला भार वाटून द्यावा लागतो. वाटेतल्या गावांनी त्या गाडीचे स्वागत केले, आरत्या ओवाळल्या. त्यात जैन किती होते? थोडे. बाकीचे तुळु बोलणारे शेतकरी, मुसलमान, ख्रिस्ती, सगळे रस्त्याच्या कडेला उभे. दगड रस्त्याने चालला की तो एका पंथाचा राहत नाही, ज्या ज्या गावातून जातो त्या त्या गावाचा होतो. डोंगरात जन्मलेल्या मूर्तीला हे भाग्य मिळत नाही.

१९७५च्या अखेरीस मूर्ती रत्नगिरी टेकडीवर उभी राहिली, आणि १९८२ साली प्रतिष्ठापना आणि पहिला महामस्तकाभिषेक झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८१ला, श्रवणबेळगोळच्या मूर्तीची सहस्राब्दी साजरी झाली होती. हजार वर्षांची थोरली आणि नवी कोरी धाकटी, लागोपाठ दोन वर्षांत दोघींवर दूध-हळद-चंदनाचे कलश रिते झाले.

आता आपल्या घरी येऊ.

कुंभोजचा डोंगर इथून काही दूर नाही. कुंभोज हे कर्मवीर भाऊराव पाटलांचे जन्मगाव. आणि याच परिसरात समंतभद्र महाराजांनी गुरुकुल काढले, बाहुबली ब्रह्मचर्याश्रम. विदर्भात कारंजाला त्यांनी आधी गुरुकुल उभे केले होते, आणि तोच अनुभव घेऊन ते इकडे आले. १९६३ साली त्या डोंगरावर २८ फुटांची पांढऱ्या संगमरवराची बाहुबलीची मूर्ती उभी राहिली.

इथे काय बदलले ते बघा. करविता राजा नाही, मंत्री नाही, संस्थानिक नाही. करविता आहे एक मुनी, आणि त्याच्या मागे आहेत या भागातले जैन शेतकरी, ऊस-तंबाखू पिकवणारे, आणि शाळा-वसतिगृहांना वर्गणी द्यायची सवय असलेले. दगडही बदलला. आपल्या इथला दगड काळा, बेसाल्टचा. पांढरा संगमरवर आपल्या डोंगरात नाही. म्हणजे तो परमुलखातून आला, आणि नंतर डोंगर चढला. उंची श्रवणबेळगोळच्या जवळजवळ निम्मी, म्हणजे आकार आठवा हिस्सा. डोंगरावर दिगंबर आहेत, श्वेतांबरही आहेत, आणि पायथ्याशी गुरुकुलात मुले शिकतात. मूर्तीच्या शेजारी शाळा! चावुंडराय स्वतः लेखक होता, कन्नड गद्यातला आरंभीचा मोठा ग्रंथ त्याचा आहे. त्याला ही जोडी नक्की आवडली असती.

आणि मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाजवळच्या डोंगरावर आदिनाथ, भरत आणि बाहुबली यांच्या तीन मूर्ती आहेत. त्या जागेला नाव काय दिले आहे? पोदनपूर! जिथे कोणी पोहोचू शकत नव्हते ते पौदनपूर. चावुंडरायाला जे सापडले नाही, तिथे आता लोकलने जाता येते. तिथे दोघे भाऊ वडिलांच्या दोन बाजूंना उभे आहेत. भांडण संपल्यानंतरचे हे कुटुंब मला फार मोलाचे वाटते, कारण श्रवणबेळगोळच्या माथ्यावर बाहुबली एकटा आहे.

आता वेळ संपत आली आहे, आणि मला एक मागणी करायची आहे.

कारकळची मूर्ती वर कशी चढली हे आपल्याला चंद्रमाकडून कळते, पण त्याने लिहिले दोनशे चौदा वर्षांनी. ओढणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आपल्याकडे नाही. कोण होते ते? दोर कोणी वळले? कशाचे वळले, नारळाच्या काथ्याचे की वेलींचे? उतारावर चाकांना अटकाव कोणी लावला? कोणाचा हात, पाय गेला का? दुपारी त्यांना जेवायला काय मिळाले? राजाचे नाव दगडावर आहे, गुरूचे आहे, तिथी-वार-नक्षत्र आहे. ज्यांच्या खांद्यांवरून मूर्ती गेली त्यांचे काहीच नाही. वेणूरचे तसेच.

कुंभोजचे तसे व्हायला नको, आणि ते टाळणे अजून आपल्या हातात आहे. १९६३ साली दहा-बारा वर्षांचे असलेले मूल आज सत्तरीत आहे. ज्यांनी त्या वेळी बैलगाड्या जुंपल्या, दगड उतरवला, पायऱ्या घातल्या, त्यांची मुले आणि सुना आजूबाजूच्या गावांत आहेत. कुंभोज, नेज, हातकणंगले, इचलकरंजी, जयसिंगपूर, या गावांतल्या ट्रंकांमध्ये त्या दिवसांची छायाचित्रे असतील, वर्गणीच्या पावत्या असतील, आमंत्रणपत्रिका असतील. दगड कोणत्या स्टेशनवर उतरला, तिथून कोणत्या रस्त्याने आला, डोंगरावर कसा चढवला, कोण गवंडी होते, कोण मजूर होते, त्यांची जात, गाव, मजुरी, हे सगळे नोंदवून घेऊ. जैनच नव्हेत, ज्यांनी हात लावला ते सगळे. मुलाखती घेताना ‘मूर्ती कशी वाटली’ हे विचारू नका. गाडीला किती चाके होती, ते विचारा.

व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांशी माझे बोलणे झाले आहे. बाहेर दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. आपल्या घरात किंवा शेजारी अशी कोणी वडीलधारी माणसे असतील तर त्यांचे नाव, गाव आणि त्यांना भेटायची सोयीची वेळ त्या वहीत लिहून जा. पुढच्या रविवारपासून आम्ही घरोघरी येऊ. फार वयस्कर असतील त्यांच्याकडे आधी येऊ.